निमकरकाकांचा चुकलेला हिशेब

श्यामकांत निमकर या माणसाचा मी साडेचार वर्षं मनापासून राग केला. राग करायचं ते काम मी कुठलीही हयगय न करता केलं आणि त्याचा मला कधी कंटाळा आला नाही. त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे तर हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागले तर कुणी तो माझा मोठेपणा समजू नये.

चंडीगढच्या सेक्टर पंधरामध्ये आम्ही एका घराच्या खालच्या मजल्यावर राहायचो आणि निमकर वरच्या. आम्ही म्हणजे आईबाबा, मी आणि माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा श्रीराम. बाबा, डॉक्टर नंदकुमार देवस्थळी, युनिव्हर्सिटीत वनस्पतिशास्त्र शिकवायचे. वर निमकरकाका आणि पद्मिनीकाकू. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण फोन होता, आणि आमच्याकडे फोन नव्हता. त्यामुळे आमच्या घरातली प्रत्येक बरीवाईट बातमी आधी जिन्यातून खाली उतरायची.

निमकर मूळ वाईचे. एअरफोर्समध्ये बावीस वर्षं नेव्हिगेटर होते, त्यातली बरीचशी चंडीगढहून लडाखला सामान नेणाऱ्या विमानांवर. नेव्हिगेटर म्हणजे विमान चालवणारा नव्हे. विमान आत्ता कुठे आहे आणि कधी पोचेल, हे सांगणारा. निवृत्त झाल्यावर ते याच गावात राहिले. मंगळवारी आणि शुक्रवारी पिंजौरला बसने जायचे आणि विमान चालवायला शिकणाऱ्या पोरांना नकाशा शिकवायचे. उरलेले पाच दिवस आम्हाला शिकवायचे, आम्ही विचारलेलं असो वा नसो. ठेंगणा, नीटनेटका माणूस. खिशात टोक काढलेल्या दोन पेन्सिली, आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. वेळ बघायची झाली की हात उलटा करायचे, एखाद्याने भिक्षा मागावी तसा.

त्यांचं वेड असं की ओळखीचं कुणीही विमानाने निघालं की ते त्याचा हिशेब मांडायचे. जेवणाच्या टेबलावरचं मीठ-लोणचं बाजूला सारून नकाशा पसरायचा, दोन टोकांचा कंपास एका विमानतळावर रोवायचा, दुसऱ्यावर टेकवायचा, आणि तोच कंपास नकाशाच्या कडेच्या अक्षांशांवर नेऊन अंतर मोजायचं. मग विमानाचा वेग, त्यातून समोरचा वारा वजा, वर चढायची आणि खाली उतरायची मिनिटं मिळवायची. शेवटी एका चिठ्ठीवर वेळ लिहून द्यायची. साडेतीन, पावणेचार असली वेळ नव्हे. तीन अठ्ठेचाळीस.

महाराष्ट्र मंडळातले लोक आधी हसायचे. 'निमकर आकाशवाणी' म्हणायचे. पण त्र्याऐंशीनंतर हसणं कमी झालं. पंजाबातल्या बातम्या रोज सकाळी मेलेल्यांच्या आकड्यानेच सुरू व्हायच्या. बसमधून माणसं उतरवून, एका रांगेत उभी करून मारल्याचं छापून यायचं. संध्याकाळनंतर सतरा सेक्टरच्या स्टँडवरून बस सुटेनाशा झाल्या. ज्यांना जमेल ते विमानाने जाऊ लागले, आणि 'पोचेल कधी' हा प्रश्न गप्पांतला राहिला नाही. घरातलं माणूस बाहेर पडलं की मागे राहिलेल्यांचा जीव टांगणीला लागायचा. अशा वेळी हातात एक चिठ्ठी असायची आणि तिच्यावर मिनिटासकट वेळ असायची, याचा फार आधार वाटायचा. माझी आई, सुहासिनी, ती चिठ्ठी कॅलेंडरच्या खिळ्याला टोचून ठेवायची. तिचा नियम होता : चिठ्ठीवरची वेळ टळेपर्यंत काळजी करायची नाही. पण ती वेळ कधी टळलीच नाही. दोनचार मिनिटं इकडेतिकडे, बस.

मी बारा-तेरा वर्षांची असल्यापासून त्या टेबलापाशी बसायचे. मला गणित आवडायचं आणि काकांना ऐकणारं माणूस.

"दिल्ली ते चंडीगढ किती?" ते विचारायचे.

"एकशे सत्तावीस सागरी मैल."

"पंख्याचं विमान आहे, वारा समोरून पंधरा. किती मिनिटं?"

"एकोणचाळीस."

"आणि चढ-उतार कोण मोजणार? तुझे वडील? दहा मिळव. एकोणपन्नास. आणि लक्षात ठेव, पोचायची वेळ म्हणजे चाकं टेकतात ती. दार उघडतं ती नव्हे, हार घालतात ती नव्हे."

त्यांची एक जाड वही होती, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात प्रत्येक प्रवासाची एक ओळ. तारीख, नाव, मार्ग, अंतर, वारा, मग 'अंदाज' आणि 'प्रत्यक्ष' असे दोन रकाने, आणि शेवटी शेरा. 'प्रत्यक्ष'चा रकाना भरल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. म्हणून कुणीही प्रवासाहून आलं की जिन्यातच गाठून विचारायचे, "किती वाजता टेकलं?" प्रवास कसा झाला, तब्येत कशी आहे, हे सगळं नंतर. आम्हा मुलांना सवयच लागली होती. चाकं जमिनीला लागली की आधी घड्याळ बघायचं.

शेऱ्याच्या रकान्यात काय लिहितात, हे मी एकदा विचारलं. तिथे बहुतेक ठिकाणी 'सांगितले' आणि पुढे वेळ एवढंच असायचं.

"वेळ काढली की ती कॅप्टनला सांगायची, आणि सांगितल्याची वेळ लिहून ठेवायची," काका म्हणाले. "नेव्हिगेटरचं काम तिथं संपलं."

"आणि कॅप्टनने ऐकलं नाही तर?"

"त्याचं तो बघेल. मी सांगायचं, ठरवायचं त्यानं. दोघं ठरवायला लागले तर विमान डोंगरावर जाईल."

मला तेव्हा ते फार शिस्तीचं वाटलं. आता त्या वाक्याची चीड येते.

शहाऐंशीत मी बारावी झाले आणि मुंबईला गणित शिकायला गेले. पार्ल्याला प्रतिमामावशीकडे राहायचे. सुट्टीला यायचे तेव्हा काका जिन्यात उभेच असायचे, हात उलटा करून. मी मिनिट सांगायचे, ते वर जाऊन लिहायचे, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो निमकर, पोरीला आधी पाणी तरी पिऊ द्या."

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये एका सकाळी सव्वासहाला मावशीकडे फोन आला. आई गेली होती. रात्री डोकं दुखतंय म्हणून झोपली, पहाटे उठलीच नाही. फोनवर काका होते. नेहमीचा कोरडा आवाज, फक्त मधे मधे थांबत होता. "निघ. कोणतं विमान मिळतंय ते कळव. मी इथं बघतो."

मावशीने धावपळ करून जागा मिळवली. मुंबईहून साडेनऊचं, आणि दिल्लीहून पुढे दुपारी पावणेतीनचं. साडेआठला तिने काकांना फोन करून दोन्ही वेळा सांगितल्या. मी तिच्या शेजारीच उभी होते. तिथून चंडीगढपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. आईला एकदा बघायचं. तिचा हात हातात घ्यायचा. बाकी काही नको. अठ्ठेचाळीस तास बसले असते तरी मला चाललं असतं, पण ती मला दिसायला हवी होती. मला खात्री होती की दिसेल. काकांना वेळा कळवल्या होत्या ना. खाली चिठ्ठी गेली असेल, कॅलेंडरच्या खिळ्याला टोचली असेल, आणि सगळे त्या वेळेची वाट बघत बसले असतील.

चंडीगढला विमान टेकलं तेव्हा मी सवयीने घड्याळ पाहिलं. तीन बत्तीस. आई गेलेली असताना आपण घड्याळ बघतो याची लाज वाटली.

त्या दिवशी शहर बंद होतं. विमानतळाच्या बाहेर एरवी टॅक्सीवाले अंगावर येतात, तिथे चिटपाखरू नव्हतं. वाळूच्या पोत्यांमागे दोन जवान, आणि कुंपणापाशी स्कूटरला टेकून निमकरकाका.

"बाबा?" मी विचारलं.

"स्मशानात आहेत."

मला वाटलं, मी येणार म्हणून थेट तिकडे वाट बघतायत. "चला मग लवकर."

ते हलले नाहीत. "लीना, एक वाजताच नेलं."

"का?"

त्यांनी हात उलटा केला, घड्याळाकडे पाहिलं, आणि तिथेच बघत बोलले. "मी संध्याकाळचं विमान धरून चाललो. सहा वाजतील म्हणून सांगितलं. चूक माझी आहे."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. स्कूटरवर मागे बसले. वाटेत तीन नाक्यांवर अडवलं. प्रत्येक ठिकाणी माझी बॅग उघडून कपडे वरखाली केले, काकांचं निवृत्तीचं कार्ड उलटंपालटं करून बघितलं. मी कुणाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही. पंचवीस सेक्टरच्या स्मशानात पोचलो तेव्हा चितेत ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. मंडळातली माणसं परत गेली होती. बंदच्या दिवशी कुणाला अंधार व्हायच्या आत घरी जायचं नसतं? बाबा एका बाकावर बसले होते, शेजारी केस काढलेला श्रीराम. चौदा वर्षांचं पोर. ते माझ्याकडे असं बघत होतं, जणू त्याने माझं काही चोरलं होतं.

बाबा म्हणाले, "निमकर म्हणाले सहा होतील. कसं थांबणार सांग."

काका आत आले नाहीत. फाटकाबाहेर स्कूटरपाशी उभे राहिले. माझ्या आईला त्यांनी खांदाही दिलेला नव्हता, हे मला नंतर कळलं. चूक झाली म्हणून तोंड लपवत होते, असं लोक म्हणाले. मीही तेच म्हणाले.

पुढची साडेचार वर्षं सांगण्यासारखी नाहीत, पण माझ्या वागण्याची असल्यामुळे सांगते. मी वर्षातून दोनदा घरी यायचे. काका जिन्यात उभे असायचेच. पहिल्या खेपेला त्यांनी विचारलं, "किती वाजता टेकलं?" मी म्हणाले, "लक्ष नव्हतं." दुसऱ्या खेपेला म्हणाले, "घड्याळ बंद आहे." तिसऱ्या खेपेपासून ते विचारेनासे झाले. नुसते उभे राहायचे. मी त्यांच्या बाजूने वाट काढून आत जायचे. घड्याळ माझं चालू होतं आणि लक्षही होतं. लहानपणची सवय मोडत नाही. प्रत्येक वेळी चाकं टेकली की मी मिनिट बघायचे, पाठ करायचे, आणि त्यांना ते मिळणार नाही याचा आनंद घेत घरी यायचे. असला आनंद माणसाला किती पुरतो? मला साडेचार वर्षं पुरला.

मंडळातही बातमी पसरलीच. देवस्थळींच्या बायकोच्या वेळी निमकरांचा हिशेब अडीच तासांनी चुकला, पोरीला आईचं तोंड बघता आलं नाही. त्यानंतर लोकांनी त्यांच्याकडे जाणं सोडलं. कुणी वाटेत भेटला की विचारायचा, "काय निमकर, सध्या आकाशवाणी बंद का?" एकदा गणपतीत कुणीतरी माइकवरून म्हणालं, विसर्जनाची वेळ निमकरसाहेबांना विचारू नका, नाहीतर बाप्पा दिवाळीपर्यंत इथेच राहतील. सगळे हसले. काकाही हसले. त्या हॉलमध्ये सगळ्यात मोठ्याने मी हसले. बाबा माझ्या शेजारीच बसले होते. ते हसले नाहीत, चष्मा पुसत राहिले. मला वाटलं, किती सज्जन माणूस आपला बाप. ज्याने त्याचं एवढं नुकसान केलं, त्याच्या फजितीवर हसतही नाही.

माझे बाबा खरंच सज्जन होते आणि भिडस्त होते. कुणाला आपला त्रास नको, हे त्यांचं पालुपद. रिक्षावाल्याला 'जरा आत घे' म्हणायची त्यांना चोरी वाटायची, ते आपले कोपऱ्यावरच उतरायचे. त्यांच्या सज्जनपणाला आम्ही घरातलेच कायम उभे असायचो, कोपऱ्यावर, सामान घेऊन.

ब्याण्णवच्या जूनमध्ये निमकरकाका गेले. पिंजौरहून परत येताना बसमध्येच. मी आले नाही. परीक्षा होती, पण नसती तरी आले नसते. ऑक्टोबरात आले तेव्हा पद्मिनीकाकू घर आवरून वाईला, भावाकडे निघाल्या होत्या. मी वर गेले ती केवळ रीत म्हणून. त्यांनी चहा केला, आणि पेटीतून ती निळी वही काढून माझ्यापुढे ठेवली.

"तुला गणिताची आवड. रद्दीत घालायला जीव होत नाही माझा."

मला ती वही नको होती. पण काकूंना नको कसं म्हणायचं, म्हणून पानं चाळली. आणि चाळताना अठ्ठ्याऐंशीचा मार्च आला. येणारच होता.

त्या तारखेच्या ओळीत माझं नाव होतं. मुंबई-दिल्ली, सहाशे चौदा मैल. दिल्ली-चंडीगढ, एकशे सत्तावीस. दिल्लीहून सुटणार, दोन पंचेचाळीस. वारा समोरून पंधरा. अंदाज, तीन चौतीस. प्रत्यक्ष, तीन बत्तीस. शेरा : 'सांगितले. स. ८.४०.'

मी ती ओळ चार वेळा वाचली. अक्षर नेहमीसारखंच, टोकदार पेन्सिलीचं. कुठे खाडाखोड नाही. सहा हा आकडा त्या ओळीत कुठेही नव्हता. संध्याकाळचं विमान नव्हतं. आणि मग मला जे साडेचार वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं ते सुचलं. मी सहाला येणार असं ज्या माणसाने सांगितलं, तो माणूस बंदच्या दिवशी, तीन नाके ओलांडून, साडेतीनला विमानतळाच्या कुंपणापाशी काय करत होता? तो खांदा द्यायला गेला नाही, कारण त्याला मला आणायचं होतं. त्या दिवशी त्याने मला 'किती वाजता टेकलं' विचारलं नाही, कारण त्याने ते स्वतः पाहिलं होतं. गणित शिकत होते मी. एवढी साधी वजाबाकी मला आली नाही, कारण मला ती करायचीच नव्हती. रागावायला माणूस मिळाला होता, तो पुरेसा होता.

"काकू, हे काय आहे?" मी ओळीवर बोट ठेवलं.

काकूंनी वाकून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. पण रडल्या नाहीत. बहुधा रडून झालं असावं.

"पावणेनऊच्या आतच ह्यांनी खाली येऊन तुझ्या वडलांना सांगितलं. तीन चौतीस. उशीर धरला तरी चार. सव्वाचारला पोर घरात, पाचला उचललं तरी अंधाराच्या आत सगळे परत. कागदावर लिहून दिलं. वडलांनी कागद वाचला आणि खिशात ठेवला. मग बाहेर जाऊन माणसांना म्हणाले, निमकर म्हणतायत सहा वाजतील."

"आणि काका?"

"जिन्यात उभे होते. मी मागं होते. म्हटलं, अहो, बोला की. तर म्हणाले, घर त्यांचं, माणूस त्यांचं, ठरवायचं त्यांनी. आणि गेले स्कूटर पुसायला."

कॅप्टन. माझ्या मेलेल्या आईच्या घरात या माणसाने माझ्या बापाला कॅप्टन केलं होतं. वेळ काढली, सांगितली, सांगितल्याची वेळ लिहिली, काम संपलं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. जमलेल्या माणसांसमोर 'नाही हो, साडेतीनला येतेय ती' एवढं म्हणायचं होतं. मी त्यांना त्यासाठी आजही माफ केलेलं नाही. पण त्यानंतर त्यांनी जे केलं, ते कुणी कुणासाठी करत नाही. आयुष्यभर ज्या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, ती त्यांनी दुसऱ्याचं झाकायला देऊन टाकली. आणि माइकवरून त्यावर विनोद झाले तेव्हा सगळ्यांबरोबर हसले.

"तुम्ही तरी मला सांगायचं," मी म्हणाले.

"शपथ घातली होती मला. म्हणायचे, आई गेली पोरीची, आता बापही घालवायचा का."

मी पुढची पानं उलटली. मंडळातली नावं हळूहळू कमी होत गेली होती. शेवटच्या पानांवर नाव फक्त माझं होतं. माझ्या प्रत्येक येण्याची ओळ होती. विमान कोणतं ते बाबांकडून कळून घेऊन त्यांनी हिशेब मांडला होता. अंतर, वारा, अंदाज. 'प्रत्यक्ष' कोरं. एकाखाली एक आठ ओळी, आणि आठ कोरी घरं.

मी वही घेऊन खाली आले. बाबा खोलीत पेपर वाचत होते.

"बाबा, आई गेली त्या दिवशी काकांनी तुम्हाला किती वाजताची वेळ सांगितली होती?"

"आता ते कशाला काढतेस?"

"तीन चौतीस सांगितली होती ना?"

त्यांनी पेपर नीट घडी घालून ठेवला. 'नाही' म्हणाले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने लिहायला हवं. "लीना, तू मुंबईत होतीस. इथले दिवस कसे होते तुला माहीत नाही. बारा माणसं जीव मुठीत धरून आली होती. त्यांना आणखी तीन-चार तास बसवून ठेवायचं? काय म्हणून सांगू त्यांना?"

"माझी मुलगी येतेय म्हणून."

"लोकांना आपला किती त्रास."

"आणि काकांचं नाव का घेतलंत?"

"तुला कमी वाईट वाटावं म्हणून." हे ते अगदी मनापासून म्हणाले. "बाप थांबला नाही, यापेक्षा निमकरांचा हिशेब चुकला, हे सोसायला सोपं. आणि निमकर काही बोलले नाहीत."

मी हळूच विचारलं, "बाबा, त्या दिवशी मी घरात असते आणि श्रीराम मुंबईला असता, तर?"

त्यांना विचार करावा लागला नाही. मी काहीतरी बाळबोध विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मग थांबावंच लागलं असतं," ते म्हणाले. "अग्नी कुणी दिला असता?"

मी वर गेले. काकूंकडून पेन्सिल मागितली. त्यांनी काकांच्या खिशातल्या दोनांपैकी एक दिली, टोक तसंच होतं. आठही वेळा मला पाठ होत्या. मी एकेक घर भरत गेले. चार अकरा. तीन एकोणचाळीस. सहा दोन. भरून झाल्यावर अंदाजातून प्रत्यक्ष वजा केलं. आठ प्रवासांत सगळ्यात मोठी चूक सहा मिनिटांची होती. काकू शेजारी बसून बघत होत्या. त्यांना आकडे कळत नव्हते, पण घरं भरतायत हे दिसत होतं.

चार दिवस राहायला आले होते, पण दुसऱ्याच दिवशी निघाले. वही बॅगेत कपड्यांच्या खाली ठेवली. मुंबईचं विमान दुपारी तीन वीसला पोचणार होतं. मी हिशेब करून ठेवला होता. बाबा फाटकापर्यंत आले, बॅग उचलायला धावले. मी ती त्यांच्या हातात दिली नाही.

"पोचल्यावर फोन कर," ते म्हणाले. आता आमच्याकडेही फोन आला होता. "किती वाजता पोचशील?"

"सहा वाजतील," मी म्हणाले. "थांबू नका."